तेरा फुटी भिंत आणि हिरकणीची वाट

२७ जून २०१७ या दिवशी मर्स्क या बलाढ्य डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरातील कार्यालयांत संगणकांचे पडदे एकामागून एक काळे पडत गेले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू काही तासांत खंड ओलांडून गेला. आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्याचे कामही त्यामुळे खोळंबले. कंपनीच्या जाळ्यात कोणाला कोठवर प्रवेश द्यावयाचा, याची नोंद राखणारे सुमारे दीडशे मुख्य संगणक होते. ते परस्परांची प्रत जपत. एक बिघडला तर दुसरा आहेच, अशी योजना होती. सगळे एकदम बिघडतील, ही शक्यता योजनाकारांच्या मनाला शिवली नव्हती आणि नेमके तेच घडले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातल्या कार्यालयातील संगणक. तो कोणत्याही महागड्या सुरक्षाप्रणालीमुळे वाचला नाही. विषाणू आला तेव्हा तेथे वीज गेलेली होती!

पुढची कथाही तितकीच रंजक आहे. घानाच्या कर्मचाऱ्याजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून तो ती अमूल्य तबकडी घेऊन विमानाने नायजेरियात गेला, तेथील विमानतळावर त्याने ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती सोपविली आणि तो ती घेऊन लंडनला पोहोचला. अब्जावधी डॉलरची उलाढाल करणारी कंपनी अखेर एका माणसाच्या पिशवीतून पुन्हा उभी राहिली. भारनियमनाच्या नावाने बोटे मोडण्यात ज्यांच्या आयुष्याची कैक वर्षे गेली, त्या महाराष्ट्रातील वाचकांनी या प्रसंगाची विशेष नोंद घ्यावी. ज्या महावितरणाला आजवर दूषणे दिली, ते कदाचित राज्याचे पहिले संगणक सुरक्षा केंद्र असावे!

हसू ओसरल्यावर मात्र त्यातील सत्य बोचू लागते. पूर्ण सुरक्षित संगणक कोणता, तर जो बंद आहे तो. आणि तोही बंद खोलीत असून खोलीला कुलूप असेल तर. कुलपाची किल्ली हरवली असेल तर अधिकच उत्तम. अशा संगणकाचा उपयोग काहीच नाही, ही बाब अलाहिदा. ज्याला दार आहे त्याच घरात राहता येते आणि ज्याला दार आहे त्याच घरात चोर शिरतो. हा घरबांधणीचा दोष नाही, घर या वस्तूचा तो स्वभावच आहे.

कोणी म्हणेल, संगणक चालू ठेवावा, पण बाहेरच्या जगाशी त्याचा संबंधच ठेवू नये. इराणने नातान्झच्या अणुकेंद्रात हेच केले होते. तेथील यंत्रणा महाजालापासून पूर्णपणे तोडलेली होती. तरीही २०१० मध्ये उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' हा विषाणू खिशात मावणाऱ्या पेनड्राइव्हच्या मार्गे आत पोहोचला आणि सुमारे एक हजार अपकेंद्री यंत्रे निकामी करून गेला. यंत्रे वेडीवाकडी फिरत असताना नियंत्रण कक्षातील पडद्यावर मात्र 'सर्व आलबेल' असेच दिसत होते. तुटलेल्या जाळ्याला माणसाच्या खिशाने जोडून दिले होते.

'अभेद्य' या शब्दाचा मोह

सत्य इतके उघड असताना शासकीय निवेदनांतून 'अभेद्य' आणि 'अशक्य' हे दोन शब्द काही हद्दपार होत नाहीत. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधारविषयीची सुनावणी सुरू होती. देशाच्या महान्यायवादींनी न्यायमूर्तींना सांगितले की, ही माहिती तेरा फूट उंच आणि पाच फूट रुंद भिंतींच्या आड सुरक्षित आहे. चोर भिंतीवर चढून येणार आणि पोत्यात भरून अंगठ्यांचे ठसे नेणार, असे कल्पनाचित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे असेल त्यांना या उत्तराने निश्चितच दिलासा मिळाला असेल. ज्या चोराला घर सोडावेच लागत नाही, त्याला मात्र तेरा फूट काय आणि तेराशे फूट काय!

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तत्कालीन अध्यक्ष राम सेवक शर्मा यांनी आपला आधार क्रमांक जाहीर केला आणि 'या क्रमांकाच्या बळावर माझे काय वाकडे करता ते दाखवा' असे आव्हान दिले. शर्मा हे काही ऐरेगैरे गृहस्थ नव्हेत. आधारच्या उभारणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. काही तासांतच हौशी मंडळींनी त्यांचा भ्रमणध्वनी, पत्ता, जन्मतारीख असा तपशील चव्हाट्यावर मांडला. काहींनी तर त्यांच्या खात्यात एक एक रुपया जमा केला. आपले कोणतेही नुकसान झालेले नाही, यावर शर्मा ठाम राहिले. ही माहिती आधारच्या भांडारातून गेलेली नसून सार्वजनिक स्रोतांतून गोळा झाली आहे, असा खुलासा आधार प्राधिकरणाने केला. दोन्ही म्हणणी तांत्रिकदृष्ट्या चुकीची नव्हती. परंतु त्यानंतर त्याच प्राधिकरणाने नागरिकांना आवाहन केले की, आपला क्रमांक असा जाहीर करू नका! सर्कशीतला रिंगमास्तर वाघाच्या जबड्यात डोके घालून सुखरूप बाहेर यावा आणि व्यवस्थापकाने ध्वनिक्षेपकावरून 'प्रेक्षकांनी घरी हा प्रयोग करू नये' असे सांगावे, तसाच हा प्रकार.

कुडनकुलमचा प्रसंग तर याहून बोलका आहे. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी तेथील अणुवीज प्रकल्पाने निवेदन काढले की, प्रकल्पाच्या नियंत्रण यंत्रणेवर सायबर हल्ला होणे शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की, प्रशासकीय कामाच्या एका संगणकात घातक प्रणाली आढळली होती आणि तशी सूचना ४ सप्टेंबरलाच मिळाली होती. अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा वेगळी होती आणि ती सुरक्षित राहिली, हे खरे आहे आणि ते आपल्या अभियंत्यांना भूषणावहही आहे. मग पहिल्याच दिवशी एवढे सरळ सत्य सांगण्यास कोणती हरकत होती? 'ओटीवर साप शिरला होता, देवघर सुरक्षित आहे' असे घरमालकाने सांगितले असते तर लोकांनी विश्वास ठेवला असता. 'आमच्या गावात साप नसतातच' असे म्हणून त्याने चोवीस तासांत आपली पत घालविली.

कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची?

अधिकाऱ्यांच्या या भाबडेपणाचा लाभ उठविणारा एक वर्ग आहे, तो म्हणजे कुलपांचा आंतरराष्ट्रीय व्यापारी. त्याची पाठराखण करण्याचे काही कारण नाही. स्वित्झर्लंडमधील क्रिप्टो एजी या कंपनीने अनेक दशके जगभरातील सरकारांना गुप्त संदेशांची यंत्रे विकली. तटस्थ देश, घड्याळासारखे काटेकोर काम, मग संशय कशाला घ्यावयाचा? फेब्रुवारी २०२० मध्ये जगापुढे आले की, १९७० पासून ही कंपनी गुप्तपणे अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची गुप्तचर संस्था यांच्या मालकीची होती. यंत्रांत मुद्दाम कच्चे दुवे ठेवले जात. ग्राहकांच्या यादीत शंभरावर देश होते. भारत होता आणि पाकिस्तानही होता. दोन शेजारी एकमेकांपासून रहस्य लपविण्यासाठी एकाच दुकानातून कुलपे घेत होते आणि दुकानदार दोघांच्याही किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरत होता.

ज्यांनी जगाच्या किल्ल्या जमविल्या, त्यांना तरी स्वतःचे घर राखता आले काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुपिते २०१३ मध्ये तिच्याच एका कंत्राटी कर्मचाऱ्याने, एडवर्ड स्नोडेनने, बाहेर नेली. पुढे तिने तयार केलेली हल्ल्याची हत्यारेही चोरीस गेली आणि त्यांतीलच एकाचा वापर करून मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनमधील रुग्णालयांपर्यंत धुमाकूळ घातला. नॉटपेट्यामध्येही तेच हत्यार होते. न्हावाशेव्याचे काम खोळंबविणाऱ्या विषाणूचा एक घटक अशा रीतीने वॉशिंग्टनजवळच्या शस्त्रागारातून आलेला होता!

राखणदाराची गोष्टही वेगळी नाही. संगणकांचे रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने १९ जुलै २०२४ रोजी आपल्या प्रणालीत एक सदोष सुधारणा धाडली आणि जगातील सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. कोणी शत्रू आला नव्हता. पहारेकऱ्याचीच काठी घरधन्याच्या डोक्यात बसली होती. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली. विज्ञानयुगाचा डोलारा बॉलपेनने सावरला. आणि २०२१ मध्ये अकोल्याचे खासदार व तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री संजय धोत्रे यांनी संसदेत दिलेली माहिती आठवावी : शासकीय संस्थांमध्ये दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे होते. गलवानमध्ये आपले वीस जवान हुतात्मा झाल्यानंतरचे हे उत्तर आहे. चीनवर नजर ठेवण्याची भाषा करणाऱ्या देशाने आपल्या कचेऱ्यांवर नजर ठेवण्याचे काम चीनच्याच डोळ्यांकडे सोपविलेले असावे, यापरता उपहास कोणता?

चोरीचा धोका राहू द्या, मालकच दार लावून घेईल त्याचे काय? जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियाचे भांडवल असलेल्या गुजरातमधील नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा तोडल्या. भारतीय भूमीवर, भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या तेलशुद्धीकरण कंपनीला आपली स्वतःची पत्रे उघडण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या, पण धडा मिळावयाचा तो मिळाला. ज्याचे कुलूप परक्याचे, त्याचे घर परक्याच्या मर्जीचे.

हताशांचा दुसरा मेळा

यावर दुसऱ्या टोकाची मंडळी टाळ्या पिटतात. आपल्याकडील काही विचारवंतांना देशाने नवे काही उभारले की प्रथम त्यातील भोक दिसते आणि भोक दिसले की भांडेच फेकून द्यावे असे वाटते. आधार नको, डिजिटल व्यवहार नको, नोंदी नकोत, कारण पूर्ण सुरक्षा अशक्य! गंमत अशी की, अंगठ्याच्या ठशाविरुद्धचे त्यांचे आवेशपूर्ण लेख अमेरिकी कंपनीच्या ई-पत्रातून संपादकाकडे जातात आणि त्यांचे प्रवास, औषधे, खरेदी, मैत्री या साऱ्याची वही परदेशी कंपन्यांपाशी विनामूल्य भरली जात असते. स्वदेशी शासनाला दिलेला ठसा म्हणजे गुलामगिरी आणि परदेशी व्यापाऱ्याला दिलेले सारे आयुष्य म्हणजे स्वातंत्र्य, हे तर्कशास्त्र फक्त चर्चासत्रांतच टिकते.

अपघात होतात म्हणून कोणी रेल्वे बंद करीत नाही. सिग्नल सुधारले जातात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवरून ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाल्या मावशींपासून पूजासाहित्याच्या दुकानापर्यंत पोहोचलेली ही भारतीय निर्मिती भीतीपोटी टाकून देणे हा शहाणपणा नव्हे. पूर्ण सुरक्षा अशक्य आहे, हे वाक्य बढाईखोराच्या तोंडावर मारावयाचे आहे. त्याचा आडोसा घेऊन स्वस्थ बसण्यासाठी किंवा पळ काढण्यासाठी ते नाही.

रायगडाचे उत्तर

वास्तविक 'अभेद्य' हा शब्द किती पोकळ आहे, हे मराठी माणसाला कोणी परक्याने शिकविण्याची गरजच नाही. १६६६ मध्ये आग्र्यास औरंगजेबाचा पहारा अभेद्य होता. आरंभी प्रत्येक पेटारा उघडून पाहिला जाई. रोज रोज मिठाईच निघू लागली, तेव्हा पहारेकरी कंटाळले आणि पेटारे न उघडता जाऊ लागले. पुढे काय झाले, ते शाळकरी मुलेही सांगतील. पहाऱ्याचा पराभव शस्त्राने केला नाही, सवयीने केला. १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी मालुसरे दरवाजावर धडकले नाहीत. जेथून कोणी येणे शक्य नाही असे किल्लेदाराला वाटत होते, त्या कड्यावरूनच मावळे चढले. आज महाजालावरील चोर हेच दोन धडे गिरवतो : कंटाळलेला पहारेकरी शोधावयाचा आणि 'येथून कोण येणार?' म्हणून मोकळी सोडलेली बाजू शोधावयाची. आपल्या पूर्वजांनी जे धर्मकार्यासाठी केले ते तो पोटभरू पापासाठी करतो, एवढाच भेद.

ज्यांनी शत्रूचे दुर्ग असे घेतले, त्यांनी स्वतःचा दुर्ग कसा राखला? याचे उत्तर हिरकणीच्या आख्यायिकेत आहे. कोजागरीला रायगडाचे दरवाजे बंद झाले, तान्हे बाळ खाली घरी होते आणि ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. ज्या कड्यावरून केवळ पाणीच खाली जाऊ शकते असे मानले जात होते, तो एका आईने उतरून दाखविला. महाराजांनी काय केले? 'कडा उतरणे अशक्य आहे' असे पत्रक काढले नाही. आज्ञेवाचून गड सोडल्याबद्दल तिला बेड्याही ठोकल्या नाहीत. तिचा साडीचोळीने सन्मान केला, ती उतरली त्या जागी बुरूज बांधला आणि त्या बुरुजाला तिचे नाव दिले. सुरक्षाशास्त्राचा सारा ग्रंथ या तीन कृतींत आला.

आता २०१८ च्या जानेवारीकडे पाहावे. चंदीगडच्या 'ट्रिब्यून' दैनिकातील एका महिला वार्ताहराने वृत्त दिले की, अवघ्या पाचशे रुपयांत दलालांकडून आधारधारकांचे तपशील पाहण्याची वाट मिळते. अंगठ्याचे ठसे सुरक्षित असल्याचे प्राधिकरणाने सांगितले. पण त्याबरोबरच पोलिसांत तक्रारही केली आणि तीत त्या वार्ताहराचे नाव होते. गदारोळ झाल्यावर केंद्रीय मंत्र्यांना खुलासा करावा लागला. आणि मौज पाहा : त्याच आठवड्यात, १० जानेवारीला, खरा क्रमांक न देता वापरता येणाऱ्या सोळा आकडी आभासी क्रमांकाची योजना जाहीर झाली. म्हणजे बुरूज बांधला गेला, पण हिरकणीचे नाव बुरुजाऐवजी तक्रारीत आले! सुदैवाने शहाणपण उशिरा का होईना येते. २०२२ मध्ये याच प्राधिकरणाने निवडक तज्ज्ञांना उणिवा शोधण्यासाठी पाचारण करणारे परिपत्रक काढले. हाच मार्ग प्रत्येक बँकेने, रुग्णालयाने आणि महापालिकेने धरला पाहिजे. आपला समजून चूक दाखविणाऱ्याला शत्रू ठरविले की मग खरा शत्रूच येऊन चूक दाखवितो.

त्याची किंमत पुण्याने मोजली आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम लुटली गेली. चोरांनी खातेदारांचे परवलीचे शब्द एकेक करून फोडले नाहीत. पैसे देऊ का, असे एटीएम यंत्राने विचारल्यावर 'द्या' म्हणणारा बनावट अनुमतीदारच त्यांनी मध्ये बसविला आणि मग २८ देशांतील यंत्रांतून नोटा बाहेर पडत राहिल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये संगणक ओलीस धरले गेले आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस कागद-पेन्सिलीवर कारभार करावा लागला. दोन्ही संस्था आपल्याच. म्हणजे केवळ स्वदेशीचा शिक्का मारल्याने सुरक्षा येते, असा भ्रमही नको. स्वदेशी कुलूपही फुटते. परंतु ते उघडून पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि जबाबदाराला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याजवळ राहतो. स्वराज्याचा अर्थ हाच आहे.

आणि आपले घर?

शासनाला उपदेश करून झाल्यावर सुबुद्ध कुटुंबाने आपल्या उंबरठ्याकडेही पाहावे. भांडारात जे साठविलेच नाही ते चोरीस जात नाही, ही एकच हमी पूर्णपणे खरी आहे. असे असता गृहसंकुलाच्या नोंदवहीपासून मंगल कार्यालयाच्या आरक्षणापर्यंत जो तो आधारची छायाप्रत मागतो आणि आपण ती अक्षता वाटाव्यात तशी वाटतो. तेरा फुटी भिंतीआडचा दस्तऐवज कोपऱ्यावरच्या दुकानात भेळीच्या पुड्याला लागलेला सापडला तर भिंतीने काय करावे? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने प्रयोजनापुरतीच माहिती घेण्याचे बंधन घातले आहे आणि कसूर झाल्यास अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. तो कायदा न्यायालयात सिद्ध होण्यापूर्वी संस्थेच्या कार्यालयात 'ही प्रत आपणास कशासाठी हवी?' या एका प्रश्नाने सिद्ध होऊ शकतो. शाखेच्या, मंडळाच्या, पतपेढीच्या कार्यकर्त्यांनीही आपापल्या कपाटातील जुन्या याद्या एकदा उघडाव्यात. ज्यांची गरज संपली त्या नष्ट करणे हेही देशकार्यच आहे.

वयस्कर आई-वडिलांना पडद्यावरचा तोतया पोलीस 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगून घाबरवितो. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही, हे खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितले. तरीही लोक फसतात, कारण कोणा तज्ज्ञाने तोडावे असे कुलूप तेथे नसतेच. दार आतून उघडले जाते. एकटे राहणाऱ्या काका-काकूंकडे आठवड्यातून एकदा डोकावणारा शेजारी हा कोणत्याही प्रणालीहून भक्कम बुरूज आहे.

बोहल्यावर 'सावधान' ऐकताच समर्थ उठून निघून गेले, अशी कथा घरोघरी सांगितली जाते. महाराष्ट्रात तो शब्द हरएक लग्नात उच्चारला जातो आणि अक्षतांच्या गडबडीत विरून जातो. ऐकून त्याप्रमाणे वागणारे एकटे समर्थच निघाले. आता तोच शब्द बँकेच्या संदेशातून रोज येतो आणि न वाचताच पुसला जातो. यावेळी मात्र पळून जाण्यास जागा नाही. गडावरच राहावयाचे आहे. दरवाजे सूर्यास्ताला लावावयाचे आहेत आणि कडा उतरून दाखविणारी हिरकणी भेटली, तर तिला साडीचोळी देऊन दुसऱ्या दिवशी पहाटे गवंडी बोलवावयाचे आहेत.